दोन बोटं माया

आई, आज डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं आणि पुन्हा तुझाच विषय निघाला. "आई अंगानं कशी होती? आजी?" म्हटलं, दोघी माझ्यासारख्याच. त्या म्हणाल्या, काही रक्तातून येतं, काही ताटातून. सगळा दोष तुमच्या जिभेचा नाही, पण ताट तुमच्या हातात आहे. मी मान हलवली, पण डोक्यात तुझी धाकटीच होती. ती बापावर गेली, दादांसारखीच काडीपैलवान. मी तुझ्यावर. असली कसली गं वाटणी?

जळते मी तिच्यावर, सरळच सांगते. काल उमापूरहून आली, लोण्यासंगं चार धपाटे हाणले, आणि पोट पाठीला चिकटलेलं ते चिकटलेलंच. मी अर्ध्या भाकरीवर हात धुतला. लहानपणीही हेच. चुलीपुढं आम्ही दोघी बसलोय, तू तिच्या भाकरीवर तुपाची धार सोडतेस आणि माझ्या भाकरीवर नुसतं तुपाचं बोट फिरवतेस. "तिच्या अंगाला काईच लागत न्हाई, अन् तुला हवा बी लागती." मी मुसमुसले की म्हणायचीस, "कावून रडती? तुज्या भल्याचंच हाय." आणि मग 'खाऊन माजावं, टाकून माजू नये' म्हणत सगळ्यांच्या ताटांतलं उरलेलं स्वतः संपवायचीस. ते बघून मीही तेच शिकले. आज पोरांच्या ताटातलं पुसून मीच खाते.

कपड्यांचंही तसंच. मशीनवर बसलीस की तिचं कापड अगदी शिवणीला लागून कापायचीस. माझ्या शिवणीत मात्र दोन बोटं जास्तीचं कापड आत दुमडायचीस. "हिच्यात माया ठिवलीय, फुडं उसवाया लागंल," असं शेजारणींसमोर मोठ्यानं सांगायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्या त्या घट्ट, नेटक्या झंपरांचा मी किती हेवा केला असेन!

काल ट्रंकेतून तुझ्या हातचे दोन ब्लाउज काढले, एक तिचा, एक माझा. माझा उसवत उसवत अजून अंगात येतो. तिचा दंडात अडला. दोन बाळंतपणांनी तिच्यात तेवढाच काय तो फरक पडलाय, पण मला आतून गुदगुल्या झाल्या. उसवावा म्हणून तिनं तो उलटा केला, तर आत काहीच नाही. मग माझा उलटा करून बघत बसली. दोन्ही अंगांना अजून बोटभर कापड शिल्लक होतं.

"ताई, तुज्यात किती माया ठिवलीय गं आईनं," ती म्हणाली. "माज्यात न्हाईच." आणि घळाघळा रडायला लागली.

'अगं वेडे, तू बारीक म्हणून,' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. नाही म्हटलं. सकाळी तिला गाडीत बसवून दिली, तरी नाही.

बरं वाटलं, आई. लई बरं वाटलं.