मोहिनीचा खुबा आणि ट्यूबची पट्टी

ती. भिकुबाई अक्कास,

एरंडोलहून तुझा धाकटा भाऊ हेमराज याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? माझी कंबर होती तशीच आहे. फोनच केला असता, पण घरात सगळ्यांचे कान माझ्याकडे असतात.

गेल्या महिन्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गेली. पायपाचा सांधा गळला की गुंडाळायला मी ती खिळ्याला टांगून ठेवतो. खोलीत जाणारे दोघंच, मी आणि सालदार लोटन. मी नेली नव्हती, मग उरलं कोण? त्याची पिशवी पाहिली, जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला (भरीत होतं, बरं होतं). तो एवढंच म्हणाला, "भाऊ, मन्हाकडे नही शे." इतका शांत माणूस मला नेहमीच खटकतो.

पट्टी सापडली माडीवर, तुझ्या भाचीच्या, मोहिनीच्या मांड्यांना बांधलेली. पोरगी कुशीवर आडवी, टाचा जुळवलेल्या, आणि वरचा गुडघा उघडतेय, मिटतेय. म्हणे बॅलेचा व्यायाम. (बॅले म्हणजे पावलं बाहेर वळवून, चवड्यांवर करायचा तो नाच. दर रविवारी जळगावला शिकायला जाते.) आता नाच कोणी झोपून शिकतं का? पुढच्या रविवारी तिच्या मागच्या एसटीने गेलो आणि क्लासच्या खिडकीतून पाहिलं. आठ मुली आडव्या, आठ गुडघे वर-खाली, नाच नावालाही नाही. शिकवणाऱ्या रिद्धीबाईंनी मला खिडकीशीच पकडलं आणि आत बसवून समजावलं, की पावलं जोर लावून वळवली तर गुडघे बिघडतात. वळण खुब्यातून यायला हवं, आणि त्यासाठी खुब्याभोवतीचे स्नायू हळूहळू बळकट करावे लागतात. इतकं गोड बोलल्या की माझा संशय वाढलाच. निघताना मोहिनीला व्यायामाचा हिरवा रबरी पट्टा दिला आणि तिने क्लासला नेलेली माझी ट्यूब परत केली. धुऊन! ट्यूब कोण धुतं?

तर अक्का, पोरगी फक्त तुझं ऐकते. हे खूळ बंद कर म्हणून तिला फोन कर.

तुझा,
हेमराज

ता. क. फोन एवढ्यात करू नकोस. येत्या रविवारी तिची परीक्षा आहे. खुबे नीट वळले तर मोठ्या मुलींच्या वर्गात, नाहीतर पुन्हा चिल्ल्यापिल्ल्यांत. आणि काल तो हिरवा पट्टाच तुटलेला सापडला. पोरगी रडून रडून जेवली नाही, मला बघवलं नाही. तिचा संशय लोटनवर आहे.

ता. क. २. पट्टा माझ्याकडून तुटला. दुपारी, मोटारीच्या खोलीत, अठराव्या खेपेला. तीन आठवडे करतोय. कंबरेचं वर खोटं लिहिलं, निम्मी मोकळी झाली आहे. जळगावात हा पट्टा मिळतो, पण दुकान रिद्धीबाईंच्या वडिलांचं. तेव्हा तू तुमच्या धुळ्यातून घे आणि शनिवारच्या आत एसटीने पाठव. एक मोहिनीला, एक मला.

ता. क. ३. तीन पाठव. लोटनने मला दारातून पाहिलं होतं. कोणाला बोलला नाही, फक्त किती वेळा करायचं ते विचारून गेला.