शेंदराखालचं साल

बोरीवली (प.),
२३ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप अण्णांच्या सेवेशी, पुतण्या नंदकुमारचा बोरीवलीहून साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे क्षमाला सर्दी, मला पाठदुखी आणि सोसायटीच्या टाकीला गळती आहे, पण त्यालाच इकडे खुशाली म्हणतात. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांबद्दल विचारत नाही, कारण विचारायचं नाही अशी तुमची आज्ञा आहे. (पत्र वाचून दाखवताना काकू स्वतःबद्दलचा मजकूर गाळते असा माझा अनुभव आहे, म्हणून इथेच सांगतो की तिने पाठवलेल्या चकल्या अप्रतिम होत्या. काकू, हे मोठ्याने वाच.)

तुम्ही सोपवलेलं काम झालं. गणपतीत सातारला सगळ्या घरासमोर तुम्ही जाहीर केलं होतंत, की पेपरातल्या जाहिरातीतली वेसाव्याची ती दोन माणसांची उघडी विलायती गाडी मूळच्या इंजिनासकट असेल तर तुम्ही ती घ्याल, आणि घेतली की चालवावी लागेल म्हणून दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्याल. इंजिन बदललेलं निघालं तर गाडीही नको आणि ऑपरेशनही नको. डॉक्टर म्हणतात की आता आणखी थांबलात तर पुढे ऑपरेशन करूनही उपयोग होणार नाही, तरी तुमचं आपलं एकच. स्वतःच्या दृष्टीचा निकाल एका लोखंडी ठोकळ्यावरच्या आकड्यांवर सोपवणं हा तुमचा हट्ट झाला, पण ते आकडे वाचायला मला पाठवणं ही सरळसरळ चूक होती. माझं यंत्रज्ञान घरच्या स्टोव्हला पिन मारण्यापर्यंत पोचतं, आणि तीही हल्ली क्षमाच मारते.

तरी तुमचं सगळं बोलणं मी पाठ केलं होतं. पत्रा रंगवता येतो, सीट नवी शिवता येते, विकणारा तर शपथेवर खोटं बोलतो, पण इंजिनावर ठोकलेलं साल खोटं बोलत नाही. इंजिन गाडीच्या आधी महिना-दोन महिने तयार झालेलं असलं पाहिजे, नंतरचं असेल तर ते दुसरीकडून आणून बसवलेलं, कारण आई लेकीनंतर जन्माला येत नाही. एवढं ज्ञान आणि एका पिशवीत टॉर्च, तारेचा ब्रश, रॉकेलची बाटली आणि आकड्यांवर चोळायला खडू असं घेऊन मी अंधेरीहून बस पकडली. (बसमध्ये रॉकेल सांडलं. पुढचा तपशील देत नाही, पण मला बसायला दोन माणसांची जागा मिळाली.)

गाडी रामचंद्र नावाच्या कोळ्याच्या पडवीत आहे. रामचंद्र चाळिशीचा, कमी बोलणारा, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस आहे, हा त्याचा गुण पुढे मला महागात पडला. ही गाडी कोळीवाड्यात आली कशी, तर त्याचे वडील तुळशीदास यांनी एका सिनेमा कंपनीला शूटिंगसाठी आपली होडी दिली होती. कंपनीने होडी बुडवली, मग कंपनीही बुडाली, आणि गोरेगावच्या स्टुडिओत उभी असलेली ही गाडी भरपाई म्हणून तुळशीदासांनी हाताने ढकलत घरी आणली. आता तिच्यावर जाळी वाळत असतात. जाळी बाजूला केल्यावर मात्र अण्णा, खरं सांगतो, मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही तरी मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. झकास गाडी आहे. बॉनेटखालच्या पाटीवर जून ५६ असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

अडचण इंजिनाची होती. तुम्ही सांगितलेली डाव्या अंगाची सपाट जागा सापडली, पण तिच्यावर बोटभर जाड शेंदूर होता. रामचंद्राची आई सरूबाई दर दसऱ्याला गाडीची पूजा करते, आणि अख्ख्या इंजिनावर स्वस्तिक काढता येईल अशी सपाट जागा ती एकच. तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षं तिथेच बसत गेला, आणि साल ठोकण्यासाठी कारखान्याने राखलेल्या जागेचा मारुती झाला. मी रॉकेलची बाटली उघडून ब्रश लावणार तोच सरूबाई आतून आली आणि "आरं, देवाला कशाला खरवरतंस?" म्हणून अशी ओरडली की शेजारची चार माणसं गोळा झाली. मी खुलासा करू लागलो की मी विमा कचेरीत काम करतो. तो खुलासा तिथे का करावासा वाटला हे मला अजून कळलेलं नाही.

पण बाई न्यायाची आहे. शेंदूर काढायला तिची हरकत नव्हती, रॉकेलने काढायला होती. देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ उतरवतात तशी रीतीने उतरवायची, शनिवारी, नारळ फोडून, आणि उतरलेला शेंदूर समुद्रात सोडायचा. सोडणार कोण, तर ज्याला तो काढायची घाई झाली आहे तो, आणि तोही उपाशीपोटी. तेव्हा काल मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, चहासुद्धा न घेता पुन्हा वेसाव्याला गेलो. (साहेबांना रजेचं कारण 'धार्मिक कार्य' असं दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.) सरूबाईने हात जोडले, रामचंद्राने नारळ फोडला, मी लाकडी पट्टीने हलकेच कड उचलली आणि शेंदराची वडी अख्खी सुटून हातात आली. खाली आकडे होते. खडू चोळायचीही गरज पडली नाही. सप्टेंबर ६१.

म्हणजे आई लेकीनंतर पाच वर्षांनी जन्मली होती. डोळ्यांसमोर तुम्ही आणि तुमचा हट्ट उभा राहिला, आणि अण्णा, मला फार वाईट वाटलं, आणि थोडा तुमचा रागही आला. माझं काम संपलं होतं, पण शेंदूर माझ्या हातात होता आणि शब्द दिलेला होता, म्हणून रामचंद्राच्या होडीत बसलो.

होडीत काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. उपाशी माणसाला उलटी होत नाही हा माझा समज होता. शेंदूर सोडताना एकदा आणि नंतर बराच वेळ मी काठावरून वाकलेला होतो, आणि सरळ व्हायला आधार म्हणून इंजिनाची पेटी धरली तर झाकण हातात आलं. आत होडीचं इंजिन. डाव्या अंगाला तीच सपाट जागा. तिच्यावर शेंदूर नव्हता, खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. होतं ते फक्त एप्रिल ५६.

मी रामचंद्राकडे पाहिलं. तो सुकाणू धरून शांत बसला होता. हे गाडीचं इंजिन का, विचारलं, तर होय म्हणाला. सिनेमावाल्यांनी बुडवलेल्या होडीच्या जागी तुळशीदासांनी नवी बांधली, तिला इंजिन हवं होतं, आणि पडवीत एक इंजिन आयतं पडून होतं. ते रॉकेलवर चालेलसं करून त्यांनी होडीत घातलं, आणि गाडी अगदीच पोकळ दिसू नये म्हणून पुढे भंगारातून दुसरं आणून बसवलं. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी शक्य तेवढ्या सौम्यपणे ओरडलो. तो म्हणाला, "तुमी गारीचं इंजिन बघाला आलाव. होरीचं कवा इचारलं?" मी पुन्हा काठावरून वाकलो.

उतरल्यावर मी सरूबाईला विचारून पाहिलं, की होडीतलं इंजिन परत गाडीत घालून मिळेल का, होडीला दुसरं नवं बसवू. तिने मला आधी पोटभर जेवायला घातलं (सुरमई, अण्णा, आणि काय सुरमई!) आणि मग नाही म्हणून सांगितलं. त्या इंजिनाने तिच्या नवऱ्याला प्रत्येक वेळी घरी आणलं होतं आणि आता मुलाला आणतं. तिचं बरोबर आहे. गाडी मात्र ती खुशाल न्या म्हणते.

तेव्हा निकाल असा, की गाडी जून ५६ ची, तिच्यातलं इंजिन सप्टेंबर ६१ चं, म्हणजे परकं. खरं इंजिन धडधाकट आहे, पण मासेमारीला जातं. खोटं लिहायला माझा हात धजला नाही. पुढचं तुम्ही जाणता.

काकूला नमस्कार. क्षमाही नमस्कार सांगते.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
नंदकुमार

ता. क. अण्णा, सुरमईबद्दल क्षमाला कळवू नका. शनिवारी धार्मिक कार्याला गेलो होतो, एवढंच तिला माहीत आहे.

ता. क. २. कुंदाकाकू, हे मोठ्याने वाचू नकोस. पत्र तू आधी स्वतः मनात वाचतेस आणि मगच त्यांना वाचून दाखवतेस, म्हणून इथे लिहितो. तुझं कार्ड मिळालं होतं. 'इंजिन कसलंही निघो, मूळचंच आहे असं लिही' हे मला लिहायला जमलं नाही, पण वाचून दाखवणारी तूच आहेस. सप्टेंबर ६१ आहे तिथे एप्रिल ५६ वाच. त्यानंतर थेट 'काकूला नमस्कार'वर ये, मधली होडी पूर्ण गाळ, सुरमईची ता. क.सुद्धा. फार मोठं पाप नाही ते, एप्रिल ५६ चं इंजिन जगात आहेच, फक्त पाण्यावर आहे. खोटं बोलताना तू खोकतेस, म्हणून आधी दोन ठिकाणी उगाच खोकून ठेव. लगेच ऑपरेशनची तारीख घे, मी आदल्या दिवशी येतो. आणि पत्र फाडू नकोस. डोळ्यांवरची पट्टी सुटून चष्मा आला की हे त्यांच्याच हातात दे.

ता. क. ३. अण्णा, इथपर्यंत स्वतः वाचत आलात ना? मग झालं तर. आता काकूला एक शब्दही बोलू नका. ज्या काही शिव्या असतील त्या मला द्या, पण पत्राने द्या आणि स्वतःच्या हाताने लिहून द्या. तुमचं अक्षर बघून फार दिवस झाले.