पालकांचा शेरा

अहो,

हे पत्र मी पाठवणार नाही. सीमेवरच्या चौकीत असलेल्या माणसाला फक्त चांगलं कळवायचं, असं इथल्या सगळ्या फौजींच्या बायका म्हणतात.

पण वार्षिक परीक्षेत विज्ञानात शंभरपैकी बेचाळीस पडले म्हणून काल फोनवर तुम्ही आपल्या सुकन्याला ढ म्हणालात. तुमची बदली सीमेवर झाली, तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघी दिल्ली कँटच्या लष्करी क्वार्टरमध्ये आलो. विजेचा धडा जुन्या शाळेत सुरू व्हायचा होता, इथल्या शाळेत शिकवून झाला होता. पेपरात मात्र सगळी वीजच. तरी परवा क्वार्टरचा बंद कूलर तिनेच खोलून चालू केला. त्याचे मार्क कुठे लिहितात?

प्रगतिपुस्तकावर सही करू नकोस म्हणालात. मी केली. पालकांच्या शेऱ्यात लिहिलं, "कमी पडलेले मार्क वडिलांच्या बदलीचे आहेत, मुलीचे नाहीत."

विजयमाला