जयूच्या नावे काहीही नाही

मी, डॉ. देवश्री वामन सरमंडल, वय एकाहत्तर, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. इतरांची शाबूत आहे का, हे ठरवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. वैद्यकीय महाविद्यालयात मी वृद्धांच्या मनोविकारांची प्राध्यापक होते.

१. राहते घर मुलगा अपूर्व याला. तो पुण्याहून परतणार नाही. घर खुशाल विकावे, मनाला लावून घेऊ नये.

२. माझी पुस्तके आणि मी तयार केलेली स्मृतितपासणीची प्रश्नावली माझ्या विभागाला, एका अटीवर. यापुढे पहिला प्रश्न हा असावा: "घर में किस बोली में डाँटते हो?" मग पुढचे सगळे त्याच बोलीत विचारावे, मालवी असो की मराठी.

३. धाकटी बहीण जयू हिच्या नावे काहीही ठेवत नाही. कारण लिहिते.

२०१० साली आमचे वडील, अण्णा, तापातून उठले आणि विसरू लागले. मी त्यांना ओपीडीत, विद्यार्थ्यांसमोर, हिंदीत तपासले. ओपीडीत हिंदीच बोलायची हा माझाच नियम. अण्णांची सारी नोकरी रेल्वेत, हिंदीत झालेली, त्यामुळे मला शंकाही आली नाही. तीसपैकी अकरा गुण. संध्याकाळी जयूने तेच प्रश्न घरी मराठीत विचारले, तेवीस आले. तिने फोन केला. मी म्हणाले, "जयू, तू चादरींवर ठसे मार. तपासणी मला करू दे." ती भैरवगढला छपाईचे काम करते.

ती एवढेच म्हणाली, "ताई, अण्णा विचारतायत, देवू आज माझ्याशी परक्यासारखी का बोलली?"

मी त्यांना इंदूरच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात ठेवले. तिथे मराठी कोणालाच येत नव्हती. पाच महिन्यांत अण्णा बोलायचे थांबले, सहाव्यात गेले. अस्थिविसर्जनाला राम घाटावर जयू माझ्यापासून लांब उभी राहिली. त्यानंतर ती या घरी आलेली नाही. भैरवगढ काही दूर नाही. मी दोनदा ऑटो केला आणि दोन्ही वेळा चौकातूनच परत फिरवला.

हल्ली मला भाज्यांची नावे सापडत नाहीत. उद्या मला तपासायची वेळ आली, तर मराठीत विचारणारे या घरात कोणी नाही.

वकील सांगतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला जयू साक्षीदार म्हणून हवी आहे, म्हणून तिच्या नावे काही नाही. तिने छापलेली, अण्णांच्या अंगावर असायची ती चादर मात्र ती आली की हातातच देईन. ती समोर बसेपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही.

उज्जैन. लिहिले: ९ जानेवारी २०२५

सही: देवश्री सरमंडल, १६ मार्च २०२५

साक्षीदार १: डॉ. शैलेंद्र व्यास, माजी विद्यार्थी, उज्जैन

साक्षीदार २: जयू मुंगी, भैरवगढ. खालील मजकूर तिच्या हस्ताक्षरात:

ताईने माझ्यासमोर सही केली. त्याआधी मी तिला आजचा वार मराठीत विचारला. रविवार म्हणाली. बरोबर आहे. चादर सध्या इथेच ठेवली आहे, आले की मला लागेल.