चुन्याचे गोटे

भादवा महिना, गणपती बसले त्याचा दुसरा दिवस, सन १९४३
मुक्काम घरीच, पिंपळगाव राजाच्या अलीकडं अन् नाल्याच्या पलीकडं

थोरल्या बाईले, शालूबाईले, पुंजाजीचा पाया पडून नमस्कार. भाऊजीले रामराम. भाच्याले, कारभारीले, गालावर माह्या नावाचा एक चिमटा. इकडं माय खुशाल, दोन्ही बैल खुशाल, मी त्याहून खुशाल.

बाई, पह्यले कबूल करून टाकतो, मंग बाकीचं लिहितो. बाबाचे गोटे मी हलवले.

रागाऊ नको, पुरं वाच. नाल्याच्या उतारावर बाबा दरसाल मिरग लागाच्या आंधी चुना फासून गोटे ठेवत, गाडी कुठून घालाची ते लोकाईले दिसावं म्हनून. बाबा गेल्यापासून ते काम माह्याकडं. पोळ्याच्या सकाळी बैल धुवाले नाल्यावर नेले अन् तेच गोटे उचलून खालच्या अंगाले, जिथी गाळ बसते तिथी, नेऊन मांडले. माहा दोस्त वाहेद संगं होता. तो म्हने, "अबे पुंज्या, तुह्या बापाचे गोटे हाये हे."

म्या म्हटलं, "बापाच्याच कामासाठी हलवून राह्यलो."

काऊन, ते आयक. बाबाले साप चावला त्या दिवसाचं तुले काय सांगू. गाडी जुपली, खामगावच्या दवाखान्यात न्यायाची, अन् नाला भरून वाहे. पानी उतरेपर्यंत काठावर बसलो, मायच्या मांडीवर बाबा. पानी उतरलं, पन बाबा थांबले नाही. तवापासून उकंडराव पाटील रपट्यासाठी अर्ज करून राह्यले. वरून पानी गेलं तरी गाडी निंघते असा दगडाचा एक साधा रपटा, बस. कोनी ना कोनी सायब पाहाले येते, पन येते उन्हाळ्यात. कोरड्या नाल्यात उभा राहून, रुमालानं तोंड पुसून म्हनते, "पाटील, इथं तर पाणीच नाही." अन् मांगून जवाब येते का लढाई चालू हाये, पैसा नाही, लढाई संपल्यावर पाहू.

पाटलाकडं पेपर येते. लढाईचा खर्च वाढूनच राह्यला म्हने. मिसर देशात फौज, इराकात फौज, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर फौज, समुद्रात जहाजं. पाटील म्हने, "अर्धी दुनिया राखाची म्हनजे लोकाच्या चिमनीतलं तेल बी लागते, पुंज्या." खरंच हाये. घासलेट लढाईले गेलं. लुगडं भेटत नाही. शाळेच्या मास्तरची बदली झाली, तं दुसरा धाडला नाही, लढाई म्हने. मी चौथी नापास झालो ते लढाईच्या आंधी, तो दोष मातर सरकारवर टाकता येत नाही.

तं यंदा तहसीलच्या सायबानं निरोप धाडला का मी पोळ्याले येतो. लढाईसाठी तालुक्याच्या नावानं उडनारं इमान घ्यायचं हाये, वर्गणी पायजे, अन् पोळ्याले सारं गाव तोरनाखाली आयतंच जमते. मी मनात म्हटलं, ये बाप्पा. भर पावसाळ्यात कोन सायब आपल्या पायानं येते? यंदा नाला दिसलाच पायजे. नुसता दिसून भागत नाही, अंगाले लागला पायजे.

दुपारी सायबाची मोटार आली. पेट्रोल बी लढाईले गेलं, म्हनून मांगं भट्टी बसवलेली, कोळशावर चालनारी मोटार. डायवरनं चुन्याचे गोटे पाह्यले अन् सरळ गाळात घातली. भट्टीत पानी शिरलं. असा फुसकारा निंघाला, जशी म्हैस शिंकली. मी बाभळीमांगं होतो. हासू आलं, खोटं काऊन बोलू.

चपराशी पळतच गावात आला. "बैल काढा, चार जोड्या काढा, सायब पाण्यात हाये."

पाटील तोरन बांधून राह्यले होते. म्हने, "बैल नाही भेटनार."

"सायबाचा हुकूम हाये, पाटील."

"असंन. काल खांद शेकले, लोनी-हयद लागली. आता खांद्यावर जू पडत नाही. लाटसायब आला तरी पोळ्याच्या दिवशी पडत नाही."

बाई, मले हेच तं पायजे होतं. सायब बसते नाल्यात सकाळपर्यंत, असा माहा हिशेब होता. पन आपली माय कशी हाये तुले मालूम. पुरनाचे हात पुसत बाहेर आली अन् म्हने, "बैलाले सुट्टी हाये, मानसाले कोनं देल्ली? तो बी कोनाचा लेक हाये. दोर काढा अन् चला सारे."

सारं गाव निंघालं. मोटारीले दोर लावला, अन् बाप्ये, पोट्टे, रहेमतुल्लाचाचासुदिक, सारे जुपले. बैल काठावर उभे, शिंगाले बेगड, गळ्यात माळा, आमच्याकडं पाहून राह्यले. रहेमतुल्लाचाचा म्हने, "पुंजाजी, बैल हासते रे आपल्यावर." मी सगळ्याईच्या पुढं होतो. ज्यानं गाळात घातलं त्यानंच पुढं रायलं पायजे ना.

मोटार निंघाली. सायब कमरेपर्यंत गाळानं भरून काठावर आला, एक बूट नाल्यानं ठेवून घेतला. कडक आवाजात म्हने, "इथं माणसं कशी जातात-येतात?"

माय काठावर होती. म्हने, "जातेत, सायब. कवा कवा येत नाही. माह्या मालकाले मांडीवर घेऊन मी इथंच बसली होती, तुम्ही उभे हायेत तिथी. तवा बी असंच पानी होतं."

मायनं आवाज चढवला नाही, डोळ्याले पदर नाही लावला. बाई, त्या वक्ताले मले मायचा एवढा अभिमान वाटला का छाती भरून आली. सायबानं दुसरा बूट काढून हातात घेतला अन् अनवानी गावात आला.

पोळ्याचं तं तू असती तं पोट धरून हासली असती. वाहेदनं बांबूच्या कमट्या अन् कागदाचे पंख केले होते, ते आपल्या ढवळ्यावर बांधले. सायबाले इमान पायजे, घे इमान. ढवळ्या असा ऐटीत चालला, जसा इलायतीतून उडून आला. सायब बी हासला, ओले कपडे बदलून धोतरात. धोतर पाटलाचं होतं. मंग तोरनाखाली झडत्याची गानी सुरू झाली, अन् मी माही झडती म्हटली:

"इमान उडालं आभाळात, पैसा गेला लढाईत,
आमचा नाला इचारते, गोटा काऊन नाही रपट्यात?
तेल गेलं लढाईले, लुगडं गेलं लढाईले,
सायबाची मोटार तेवढी आली आमच्या वाट्याले.
हर बोला हर हर महादेव."

सारं गाव हर हर महादेव म्हने, अन् पाटील तोरनाकडं पाहे, जसं काही आयकूच आलं नाही. मले वाटलं आता हातकडी पडते. पन सायबानं मले जवळ बोलावलं.

"नाव काय तुझं?"

"पुंजाजी."

"जीभ चांगली चालते तुझी. आता माझं ऐक. तू म्हणतोस ते खोटं नाही. पण माझ्या हातात पैसा नाही, सगळा वर जातो. एकच वाट आहे. ज्या गावानं फौजेत माणूस दिला, त्या गावाचा अर्ज वरचे लोक आधी काढतात. तुमच्या गावातून एकही नाव नाही. एक नाव निघू दे, मग रपट्यासाठी मी स्वतः लिहीन. मी आज पाहिलंय नाला."

पाटील म्हने, "पोराचा सौदा नाही करत आम्ही, सायब." अन् वर्गणीचं ताट पुढं केलं. सायबानं घेतलं, अन् गेला.

संध्याकाळी घरी आलो तं दोरानं खांदा सोलून निंघाला होता. मायनं बैलाच्या वाटीतली उरलेली लोनी-हयद घेतली अन् माह्या खांद्याले लावत बसली. आदल्या दिवशी बैलाले म्हटलं तसंच मले म्हने, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." अन् हासली. बाबा गेल्यापासून अशी हासली नव्हती.

सकाळीच जाऊन गोटे जिथल्या तिथी ठेवले. तिथून तसाच, घरी न येता, खामगावले गेलो.

आता तुले समजलं असंन. भरतीवाल्याईनं छाती मोजली, उंची मोजली, दात पाह्यले, बैलबाजारात पाह्यते तसे. पास झालो, बाई. माह्या जिंदगीत मी पह्यल्यांदा पास झालो. अन् हास, मले कुठी घातलं मालूम हाये? रस्ते अन् पूल बांधनाऱ्या पलटनीत. ब्रह्मदेशाकडच्या नाल्याईवर पूल बांधाले मले नेनार. एवढी मोठी सरकार, अर्धी दुनिया तिची, अन् एका रपट्यासाठी तिले चौथी नापास पुंज्या लागला. सांग, आपल्या घरात एवढा महाग मानूस कवा झाला होता का?

सायब शब्दाचा निंघाला. काल सरकारी बांधकामाचा ओव्हरशेर येऊन नाल्याच्या दोन्ही अंगाले खुंट्या ठोकून गेला. पाटलाले समजून राह्यलं नाही का एकाएकी कसं जमलं. सारं गाव म्हने, पुंज्याच्या झडतीनं झालं. मी मिशीवर हात फिरवतो, अजून नीट आली नाही तरी.

गणपती पान्यात शिरले का मले पलटनीत हजर व्हायचं हाये. मायले सांगितलं का खामगावच्या कापसाच्या जिनात काम लागलं. म्हनून तू ये. बाळंतपनाचं, माहेरपनाचं, काहीही निमित कर, कारभारीले घेऊन ये, अन् तिच्यापाशी राह्य. पुढच्या मिरगाच्या आंधी गोट्याईले चुना लावजो. रपटा झाला तरी लावजो, बाबाचे हायेत.

ही चिठ्ठी रहेमतुल्लाचाचा उंद्रीच्या बाजारात तुह्या हातात देईन. तू दुसरी पास हायेस, तूच वाच, भाऊजीले वाचाले देऊ नको. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. गोट्याचं पाटलाले सांगू नको, अन् पलटनीचं मायले तं बिलकुल नाही. रपट्याचा पह्यला गोटा बसेपर्यंत तरी नाही. आताच समजलं तं ती त्या खुंट्या उपटून सायबाच्या टेबलावर नेऊन टाकील अन् म्हनील, हे घ्या तुमचं, माहा पोरगा वापस द्या. आपली माय तशीच हाये, अन् म्हनूनच सांगू नको. कोनालेच सांगू नको, बाई, तुह्या पाया पडतो.

आवतन घेतलेला, जेवाले नक्की येनारा,
तुहा भाऊ पुंजाजी