बिछान्यातला ब्रेक

३ मार्च, सोमवार
डेपोत नोटीस लागली. पुढच्या सोमवारी ड्रायव्हर लोकांची मेडिकल. प्रेशर जास्त निघालं तर स्टिअरिंग सुटणार आणि चौकशीच्या खिडकीत बसावं लागणार. मला काळजी नाही. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. कंडक्टर म्हणाला, फक्त झोप नीट घ्या. ती काय, पडलं की लागते.

४ मार्च
लागली नाही. गादीचा दोष, मधे खड्डा पडलाय. शाळेत गुरुजी सांगायचे, मन स्वच्छ असलं की झोप आपोआप येते. मन माझं स्वच्छ आहे, म्हणजे गादीच.
बायकोची तक्रार, मी झोपेत उजव्या पायाने ब्रेक दाबतो आणि तिची पोटरी दुखते. म्हटलं, झोपच नव्हती तर झोपेत कसा दाबीन? म्हणाली, मग जागेपणी दाबत होतात का? या बाईशी बोलण्यात अर्थ नाही.

५ मार्च
जमिनीवर सतरंजी टाकून झोपलो. जमीन कडक आहे.

६ मार्च
मुलीने मोबाईलवर झोप मोजणारं ॲप टाकून दिलं. सकाळी मार्क देतं. किती पडतील या विचारात रात्र गेली. शंभरात एकोणीस. मला गणितातसुद्धा याहून जास्त असायचे. ॲप बिघडलेलं आहे.

७ मार्च
अंथरुणात नामस्मरण केलं. उत्तम उपाय. डोळे मिटायला लागले, तेवढ्यात वाटलं, देवाचं नाव अर्धवट टाकून झोपणं बरं नव्हे. उठून बसलो, पहाटेपर्यंत करत राहिलो. मन एकदम शांत.
दुपारच्या फेरीला एक स्टॉप मागे राहिला. कंडक्टर ओरडला. उतारूंना थोडं चालणं चांगलंच असतं.

९ मार्च, रविवार
बायकोने विचारलं, खिडकीत बसलात तर असं काय होणार आहे? म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघायच्या. तिने दिवा मालवला. मग म्हणाली, आज मी भिंतीकडे सरकते, दाबा काय दाबायचे ते ब्रेक.

१० मार्च
मेडिकल झाली. डॉक्टरांनी जरा शांत पडा म्हणून सांगितलं. पडलो. तिथल्या पंख्याचा आवाज थेट आमच्या इंजिनासारखा. पुढचं नर्सबाईंकडून कळलं. मी घोरत होतो, प्रेशर नॉर्मल आलं आणि मग लाथेने ट्रॉली पाडली. त्या आवाजाने जागा झालो. परत मोजलं तर पार वर. मी विनवलं, पहिलंच लिहा. डॉक्टर म्हणाले, काका, गाडी तुम्ही जागेपणीच चालवता ना?
पुन्हा तपासणी पुढच्या महिन्यात. तोवर खिडकी. मला झोप लागते, एवढं तरी सिद्ध झालं.

११ मार्च
खिडकीत पहिला दिवस. काळजी नाही. दुपारी बसल्या बसल्या गाढ झोप लागली. उतारूंनी काच वाजवून उठवलं. माझी गाडी केव्हाच सुटली होती. टेबलाखाली उजवा पाय मात्र घट्ट दाबलेला होता.