बारका चाप

गुरुवार, दिवेलागण

आज बारामतीच्या बाजारातनं नातीनं केसाला बारका चाप आणला. तवापासनं मन खातंय. कोमलचं केस खांद्यापतुर कापल्यालं, पर दाट असं की मुठीत मावत न्हाईत. दुकानदार मोठा क्लचर दाखवत हुता. हिनं बारकाच लावून बघितला. फट्दिशी उघडून खाली पडला. तरी म्हणती, "ह्योच द्या."

का गं बया? येडी तर न्हाईस तू.

उद्या सणसरची माणसं तिला बघायला येणार. कापल्यालं केस दिसू नयेत म्हणून सून उसन्या केसांचं गंगावन जोडणार. त्येचा सगळा भार ह्या चापावर. पावण्यांच्या पाया पडायला वाकली की फट्दिशी...

मी इचारलं, "कोमे, टिकंल का ह्यो?"

"टिकंल तेवढा टिकंल, आज्जे." आन् हसली.

म्हंजी केस बी हिनं मुद्दामच कापल्यात. पोरीला ही सोयरीकच नको.

आत्ता सून आली. "आत्याबाई, तुमचं जुनं लोखंडी आकडं कुठं हाईत? गंगावन घट्ट बसंल."

"हरवलं," म्हणलं.

उशाखालीच हाईत.